टोपी फुटली, डोके वाचले

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी संपली की खरी दिवाळी सुरू होते. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असते. रात्री दहा-अकराला पडदा वर जातो तो पहाटेच खाली येतो. बांधीतले धान कापून झालेले असते, हातात चार पैसे असतात, आणि पाच-सात कोसांवर नाटक आहे म्हटल्यावर घरी बसेल तो झाडीतला माणूसच नव्हे. पूर्वी लोक बंड्या जुंपून जात. बंडीत तणीस पसरलेली असे, त्यावर पोरेबाळे झोपत, आणि बैल आपल्या मनाने घरचा रस्ता धरीत. आता बैलांची जागा फटफटीने घेतली आहे. एवढाच फरक की बैलाला झोप आवरत असे, फटफटीवाल्याला ती आवरत नाही.

गेल्या हंगामात माझा भाचा असाच नवरगावचे नाटक पाहून पहाटे सिंदेवाहीला परत येत होता. धुके पडलेले, रस्त्याच्या दोन्ही अंगांना झाडी. एका वळणावर रानडुकरांची रांग रस्ता ओलांडत होती. पुढची पाच-सहा गेली म्हणून याने गाडी काढली, आणि मागे राहिलेले एक पिल्लू आईच्या ओढीने धावत सुटले. गाडी एकीकडे, भाचा दुसरीकडे. डोके डांबरी रस्त्यावर आपटले, तसाच तो चार-पाच हात घसरत गेला, आणि उठून उभा राहिला. खांदा सोलवटला होता, मनगट मुरगळले होते. बाकी सारे ठीक.

दिवस उगवल्यावर तो माझ्याकडे आला तो मात्र संतापून. हातात हेल्मेट होते. उजव्या बाजूला वीतभर तडा गेलेला, आणि तड्याच्या भोवती रंग उडून प्लॅस्टिक पांढरेफटक पडलेले.

"मामाजी, हे पाहा! सोळाशे रुपयाचं हेल्मेट, अन् एका आदळण्यात फुटलं. याच्यापेक्षा माझं जुनंच बरं होतं बापा. दोनदा पडलो, त तडा नाही गेला त्याले. फसवलं ना जी दुकानदारानं!"

माझी बहीण पाठोपाठ आलीच होती. ती म्हणाली, "तुझं डोस्कं फुटलं नाही ना, मंग झालं त." तिने एका वाक्यात जे सांगितले तेच सांगायला मला पुढे सारी सकाळ लागली. शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या माणसाला थोडक्यात बोलता येत नाही, हा दोष मला मान्य आहे.

मी त्याला आधी कुऱ्हाडीच्या दांड्याची गोष्ट सांगितली.

आमच्या भागात सागवानाला तोटा नाही. सागवान मजबूत, देखणे, वाळवी न लागणारे. पण कुऱ्हाडीला सागवानाचा दांडा घातलेला मी तरी पाहिला नाही. दांडा लागतो धामणीचा. धामण दिसायला काही विशेष नाही, पण कावड तिची, धनुष्याची कामठी तिची, आणि अवजारांचे दांडे तिचे. कारण सुताराला विचारा. तो म्हणेल, सागवान कडक आहे, धामण चिवट आहे. कडक लाकूड भार सोसते, घाव सोसत नाही. कुऱ्हाड खोडावर बसली की जो झटका उलटा येतो, तो धामणीचा दांडा किंचित लवून अंगात जिरवतो. सागाला लवणे ठाऊक नाही. तो एक दिवस दोन तुकडे होऊन हातात येतो.

कडकपणा आणि चिवटपणा हे दोन वेगळे गुण आहेत, एवढे ध्यानात धरले की पुढचे सगळे सोपे आहे. काच पोलादी खिळ्यालाही सहजासहजी दाद देत नाही, इतकी ती कडक. पण हातातून सुटली की संपली. उलट सायकलची रबरी नळी कितीही आपटा, तिला काही होत नाही. पण तिची टोपी करून डोक्यावर घातली तर दगड लागताच ती आत दबेल आणि दगड डोक्याला भेटेल. डोक्यावर जे घालायचे ते कडकही हवे आणि चिवटही हवे. हे दोन्ही गुण एका पदार्थात एकत्र नांदवायचे कसे, या प्रश्नाने रसायनशास्त्रज्ञांना बरीच वर्षे झुलवले.

सुरुवातीची प्लॅस्टिके या बाबतीत अगदीच नाजूक होती. १९०७ साली लिओ बेकलँडने बेकेलाइट तयार केले. त्याच्या मनात होते ते लाखेला पर्याय शोधण्याचे. होय, तीच लाख, जी पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवर किडे तयार करतात. विजेच्या कामाला लागणारे रोगण लाखेचे असे, आणि त्या काळी जगाला लाख पुरवणारा मुख्य देश हिंदुस्थान होता. बेकेलाइटचे जुने काळे टेलिफोन ज्यांनी वापरले त्यांना आठवत असेल, टेबलावरून पडला की कवचाचा टवका उडालाच. पुढे पॉलिस्टायरीन आले. स्वस्त, चकचकीत, हव्या त्या रंगाचे. त्याच्या फण्या, डब्या, खेळणी घरोघर आली आणि घरोघर मोडली. त्या फणीचे दात विंचरण्यापेक्षा मोडण्यातच अधिक पटाईत होते.

उपाय सापडला तो रबर मिसळण्यात. अमेरिकेत १९५४ साली एक नवे प्लॅस्टिक बाजारात आले. तीन द्रव्यांपासून बनलेले: ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरीन. नावे जिभेला जड, म्हणून आद्याक्षरे घेऊन त्याला सगळे एबीएस म्हणतात. नाव ऐकले नसेल, पण वस्तू तुमच्या घरात आहे. मिक्सरचे अंग, टेलिव्हिजनची पाठ, पत्र्याच्या ट्रंकेची जागा घेतलेल्या चाकांच्या बॅगा, मुलांच्या घरे बांधण्याच्या त्या परदेशी विटा, आणि माझ्या भाच्याच्या हातातले ते फुटके हेल्मेट, हे सारे बहुधा याच कुळातले.

यातले पहिले आणि तिसरे द्रव्य मिळून एक कडक, काचेसारखा पदार्थ होतो. दुसऱ्याचे, म्हणजे ब्युटाडाइनचे, होते रबर. हे रबर कडक पदार्थात विरघळून जात नाही. त्याचे अतिसूक्ष्म गोळे होऊन ते जागोजाग अडकून राहतात, भाकरीत तीळ थापावेत तसे. गोळा किती लहान? एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आतबाहेर, पुष्कळदा त्याहूनही बारीक. डोळ्यांना तर नाहीच, साध्या सूक्ष्मदर्शकालाही ते धड दिसत नाहीत.

आता घाव बसला की काय होते ते पाहा. निव्वळ कडक प्लॅस्टिकमध्ये घावाची सारी शक्ती एका ठिकाणी जमते, तिथे एक चीर पडते, आणि तिला अडवणारे वाटेत कुणी नसल्याने ती या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत सुटते. फणी मोडते ती अशी. एबीएसमध्ये मात्र प्रत्येक रबरी गोळ्याच्या कडेला थोडा थोडा ताण साठतो आणि प्रत्येकाजवळ एकेक बारीकशी चीर उघडते. या चिरा पोकळ नसतात. त्यांच्या दोन काठांना प्लॅस्टिकचेच तंतू धरून असतात, ओढ्यावरच्या दोरखंडांसारखे. असे लक्षावधी तंतू ताणण्यात घावाची शक्ती खर्ची पडते. शिवाय एखादी चीर पुढे धावू लागलीच, तर दहा पावलांवर दुसरा रबरी गोळा आडवा उभा असतोच. एकट्याच्या डोक्यावर आलेले कर्ज सगळ्या गावाने वाटून घ्यावे, तसा हा प्रकार. साध्या पॉलिस्टायरीनचा तुकडा जेवढ्या घावाने मोडतो त्याच्या दहापट आणि त्याहूनही अधिक घाव एबीएसचा तुकडा सोसतो, तो या वाटणीमुळे.

भाच्याच्या हेल्मेटवर जो पांढरा डाग पडला होता तो रंग उडाल्याने नव्हे. त्या लक्षावधी चिरांवरून उजेड विखुरला की प्लॅस्टिक पांढरे दिसते. पाण्याचा फेस पांढरा दिसतो तोही याच कारणाने. म्हणजे ज्याला तो 'माल खराब' म्हणत होता, ती मालाने केलेल्या कामाची पावती होती. अमुक इतका घाव येथे जमा झाला, असे त्या पांढऱ्या डागात लिहिलेले होते.

"मग तडा कायले गेला?" त्याने विचारले.

प्रश्न योग्य होता. तडा गेला, कारण घाव मोठा होता, आणि कवचाने आपली ताकद होती तितकी खर्चून उरलेला भाग तड्यात घालवला. कवचाच्या ठिकऱ्या उडून ते डोक्यावरून निघून गेले असते तर मी त्याच्याबरोबर दुकानात भांडायला गेलो असतो. तडा गेला आणि कवच जागेवर राहिले, यात तक्रार करण्यासारखे काही नाही. शिवाय कवच ही अर्धीच गोष्ट आहे. मी हेल्मेटच्या आतले कापड उपसले आणि त्याला आतला थर्मोकोलचा थर दाखवला. तड्याच्या बरोबर खाली तो बोटभर खोल दबलेला होता, आणि दबलेला तसाच राहिला होता.

थोडे गणित करू. फटफटीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असते असे धरा. तेथून पडलेले डोके जमिनीला भिडते तेव्हा त्याचा खाली येण्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर असतो. गाडी तीसने चालली होती की पन्नासने, याचा या आकड्याशी संबंध नाही. पुढचा वेग घसरण्यात जिरतो, वाटेत झाड किंवा दगड आडवा आला नाही तर. हा २० किलोमीटरचा वेग शून्यावर यायला किती जागा मिळते, त्यावर सारे अवलंबून. उघडे डोके डांबरावर आपटले तर कातडी आणि हाड मिळून फार तर पाच मिलिमीटर जागा देतात. दीड मीटर पडायचे आणि पाच मिलिमीटरात थांबायचे, म्हणजे थांबताना डोक्यावर त्याच्या वजनाच्या तीनशेपट जोर येतो. डोक्याचे वजन पाच किलो, तेव्हा हा जोर दीड हजार किलोचा झाला. धानाच्या वीस पोत्यांचा! थर्मोकोलचा थर पंचवीस मिलिमीटर दबला तर तोच जोर एक पंचमांश होतो. हिशेब ढोबळ आहे, प्रयोगशाळेत इतके साफ उत्तर येत नाही. पण दिशा हीच. डोके वाचते ते वीस मिलिमीटर जादा जागेमुळे. आंगठ्याच्या रुंदीएवढीच ती जागा!

थर्मोकोल म्हणजे तरी काय? तेच पॉलिस्टायरीन, फणीचे, ठिसूळ. फक्त फुगवलेले, इतके की त्यात पंचाण्णव भागांच्या आसपास हवाच असते. त्याच्या लहान लहान खोल्यांच्या भिंती घाव बसताच चुरडतात आणि पुन्हा उभ्या राहत नाहीत. हे पुन्हा उभे न राहणेच मोलाचे. स्पंज दबतो आणि उसळी मारून घेतलेली शक्ती परत करतो, ती डोक्यालाच. थर्मोकोल घेतलेले परत करत नाही. म्हणून एकदा मोठा आपट खाल्लेले हेल्मेट वरून कितीही साबूत दिसले तरी आतून संपलेले असते.

हे शहाणपण माणसाला फार उशिरा आले. शर्यतीच्या फटफटीवाल्यांसाठी शिरस्त्राण हवे, असा हट्ट एरिक गार्डनर नावाच्या इंग्रज डॉक्टरने धरला, आणि १९१४ च्या शर्यतीत ते सक्तीचे झाले. ते शिरस्त्राण होते जाड कापडाला लाख चढवून कडक केलेले. लंडनच्या कारागिराने वापरलेली ती लाख आपल्याच एखाद्या जंगलातून गेली असेल, असे मला वाटते खरे. पुरावा मात्र नाही. पुढे १९३५ च्या मे महिन्यात टी. ई. लॉरेन्स, ज्याला जग 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखते, आपल्या फटफटीवरून पडला. डोक्यावर काही नव्हते. सहा दिवसांनी तो गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्झ हा मेंदूचा शल्यविशारद होता. त्याने या मरणाचा पिच्छाच पुरवला. लष्कराचे निरोपे फटफटीवरून पडून किती मरतात आणि टोपी घातलेल्यांची गत काय होते, याचा अभ्यास करून १९४१ साली त्याने तो प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने निरोप्यांना टोपी सक्तीची केली. आत दबणारा थर घालण्याची कल्पना मात्र अमेरिकेतल्या चार्ल्स लोंबार्ड आणि त्याच्या सहकाऱ्याची. तिचे पेटंट १९५३ चे. म्हणजे आधी टोपी होती ती नुसती कडक. चुरडण्याची अक्कल तिला १९५३ साली आली.

त्याच १९५३ साली जर्मनीत हेर्मान श्नेलला पॉलिकार्बोनेट सापडले. अमेरिकेत डॅनियल फॉक्सलाही ते त्याच सुमारास स्वतंत्रपणे सापडले. हे एबीएसहूनही चिवट, आणि वर काचेसारखे पारदर्शक. हेल्मेटच्या तोंडापुढची जी पट्टी असते, जिला आपण उगाच 'काच' म्हणतो, ती याची. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्यांच्या डोक्यावरचा तो पारदर्शक घुमट याचाच होता, आणि दगडफेक झेलणाऱ्या पोलिसांच्या हातातल्या पारदर्शक ढालीही बहुधा याच्याच असतात. पण याचे अंग चिवट असले तरी कातडी नाजूक. कोरड्या फडक्याने धूळ पुसली की बारीक ओरखडे उठतात, आणि रात्री समोरून येणाऱ्या ट्रकचा उजेड त्या ओरखड्यांवर असा फाकतो की रस्ताच दिसेनासा होतो. आधी पाणी ओता, मग पुसा. भाच्याची 'काच' तर मला शाळेच्या जुन्या फळ्यासारखी वाटली. रानडुकराचे पिल्लू त्याला का दिसले नाही, याचा अंदाज मला तिथेच आला, पण त्याची आई शेजारी असल्याने मी बोललो नाही.

एवढे ऐकल्यावर तो म्हणाला, "ठीक आहे, हे फेकून देतो. जुनं घालतो."

ते जुने हेल्मेट आधीच धाकट्याला द्यायचे ठरले होते. धाकटा नुकताच कॉलेजात जाऊ लागला होता आणि त्याच्यासाठी जुनी गाडी पाहणे चालले होते. मी ते हेल्मेट मागवून घेतले. चार वर्षांपूर्वी रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेल्यांतून दोनशे रुपयांना घेतलेले. बाहेरून अजून ठणठणीत. आतले कापड फाडले तर थर्मोकोल नाहीच! करंगळीएवढ्या जाडीचा स्पंज, आणि तोही एका ठिकाणी झडलेला. दोनदा पडूनही ते का फुटले नाही हे उघड होते. दोन्ही वेळा घाव खांद्यावर गेला होता, डोके जमिनीला लागलेच नव्हते. हे मी विचारले तेव्हा त्याला आठवले.

मग अंगणात एक छोटा प्रयोग केला. कपडे धुण्याची मोगरी घेतली. फुटक्या हेल्मेटच्या चांगल्या बाजूवर जोराने एक ठोका दिला. आवाज बद्द आला, तिथे पांढुरका ठसा उमटला, एवढेच. तसाच ठोका जुन्यावर दिला. खापरी फुटावी तसा टणत्कार झाला आणि कडेचा तळहाताएवढा तुकडा उडून तुळशीवृंदावनापाशी पडला. धाकटा भाचा तो तुकडा उचलून बराच वेळ पाहत होता. बहीण काही न बोलता आत गेली.

जुन्याचे असे का झाले? मुळात ते कसल्या प्लॅस्टिकचे होते देव जाणे. मोडतोड वितळवून केलेले असावे. पण चांगले एबीएससुद्धा आपण मारू शकतो, आणि मारतोही. त्याचा पहिला वैरी ऊन. रबराच्या ज्या अंशामुळे ते चिवट झाले, त्याच अंशावर उन्हातले अदृश्य किरण आणि हवेतला प्राणवायू मिळून हल्ला करतात. वरची कातडी पिवळट आणि ठिसूळ होते. पुढे घाव बसला की चीर त्या मेलेल्या कातडीत सुरू होते आणि आतल्या चांगल्या भागात वेगानेच शिरते. आमच्या चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा उन्हाळा ४७ अंशांच्या घरात जातो. त्या उष्णतेने एबीएस वितळत नाही, त्याला मऊ व्हायला शंभराच्या आसपास अंश लागतात. पण आरशाला अडकवून दिवसभर उन्हात टांगलेले हेल्मेट किरणांनी म्हातारे होते. कारखान्यात यावर रंगाचा आणि किरण अडवणाऱ्या द्रव्यांचा थर देतात. तरी बहुतेक कारखानदार तीन ते पाच वर्षांनी हेल्मेट बदला असे म्हणतात, त्यात केवळ विक्रीचा लोभ नाही. थंडीची भीती मात्र नको. या रबराला काचेसारखे कडक व्हायला शून्याखाली ८० अंशांच्याही पलीकडे जावे लागते, आणि सिंदेवाहीची थंडी कितीही बोचरी असली तरी तिथवर जात नाही.

दुसरा वैरी पेट्रोल. डाग काढायला पेट्रोलचा बोळा फिरवायची आपल्याकडे खोडच आहे. पेट्रोल, थिनर, नखांचा रंग काढण्याचे पाणी, ही सारी या प्लॅस्टिकच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांची एकमेकींवरची पकड ढिली करतात. वरून काही दिसत नाही, पण ताण आला की तिथेच तडा. थर्मोकोलचे तर विचारूच नका. त्यावर नखांचा रंग काढण्याच्या पाण्याचे दोन थेंब टाकून पाहा, खळगा पडून ते तुमच्यादेखत नाहीसे होईल. हौसेने हेल्मेटवर वाघाचे तोंड रंगवून घेणारी पोरे आमच्याकडे पुष्कळ आहेत. ताडोबाच्या शेजारी राहतात, त्यांनी दुसरे काय रंगवावे! पण पेंटरच्या डब्यात थिनर असते, हे त्या वाघाला ठाऊक नसते. जंगलाच्या भागात आणखी एक गोष्ट. डास पळवणाऱ्या काही मलमांत जे औषध असते तेही कित्येक प्लॅस्टिकांना खाते. मलम चोळलेल्या हातांनी ती 'काच' धरू नये. धुवायला साबणाचे साधे पाणी पुरते.

या सगळ्याला सरकारी मापही आहे. आय. एस. ४१५१ हे दुचाकीच्या हेल्मेटचे भारतीय मानक. त्यात घाव किती जिरतो, टोकदार वस्तू आत शिरते का, पट्टा ताण सोसतो का, अशा परीक्षा असतात. १ जून २०२१ पासून या मानकाची खूण नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनवणे किंवा विकणे कायद्याने बंद आहे. दोरीवरच्या टोप्यांना अर्थात हे कुणी सांगितलेले नाही. खोट्या खुणाही असतात. म्हणून आतले कापड दूर करून बोटाने दाबून पाहावे. घट्ट, जाड थर्मोकोल लागला नाही तर दुकानाची पायरी उतरावी. कोळसा खाणीतल्या पिवळ्या टोप्या घालून फटफटी चालवणारे महाभागही आमच्या जिल्ह्यात दिसतात. ती टोपी वरून पडणाऱ्या ढेकळासाठी केलेली. कानशिलावर आपटणाऱ्या रस्त्याशी तिचा परिचयच नाही. आणि पट्टा न लावता घातलेले उत्तम हेल्मेट हे माणसाच्या आधी घरंगळत जाते, एवढाच त्याचा उपयोग.

भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ५०,०२९ माणसे हेल्मेट न घातलेली दुचाकीवरची होती, आणि त्यांतली चौदा हजारांवर मागे बसलेली. कायदा मागच्यालाही हेल्मेट घालायला सांगतो. आपण मागच्याला पदर सावरायला सांगतो. जगभरच्या ६१ अभ्यासांची २००८ साली एकत्र छाननी झाली, तेव्हा हेल्मेटने मरणाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी घटतो असे दिसले. शंभर टक्के कुठेच नाही, हेही सांगितले पाहिजे. पण सिंदेवाहीच्या माणसाला मेंदूचा शल्यविशारद गाठायचा तर चंद्रपूर नाहीतर नागपूर धरावे लागते, आणि कवटीच्या आत रक्त साचू लागले की घड्याळ फार जोरात पळते. शहरातल्या माणसापेक्षा आम्हाला त्या आंगठाभर थराची गरज अधिक आहे ती यासाठी.

त्या आठवड्यात बहिणीने दोन हेल्मेटे आणवली, एक थोरल्याला, एक धाकट्याला. पैसे धानाचे होते, ते दुसऱ्या कामासाठी ठेवलेले होते. कोणत्या, ते तिने सांगितले नाही. थोरला पुन्हा नाटकाला जाऊ लागला. फक्त आता प्रयोग संपल्यावर उजाडेपर्यंत तिथेच मंडपात झोपतो आणि मग निघतो. ही अट त्याच्या आईने घातली. हेल्मेटच्या कोणत्याही मानकात ती नाही.

जुने दोनशे रुपयांचे डबडे भंगारात गेले. फुटलेले मात्र बहिणीने टाकू दिले नाही. मग कुणी चुकून डोक्यावर घालू नये म्हणून मी त्याचा पट्टा विळीवर कापला आणि आतला थर्मोकोल उपसून काढला. स्वयंपाकघराच्या खुंटीला ते आता उलटे टांगलेले आहे आणि ती त्यात लसूण ठेवते.